चिरेखाण, भराव आणि गावची विहीर

कुडाळ तालुक्यातील कित्येक शाळांच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या आहेत. याच दगडाच्या पोटात गावच्या विहिरीचे पाणी मुरत असते, ही गोष्ट मात्र विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. परिसर अभ्यासाच्या तासास हा विषय शिक्षकांस नीट मांडता यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम जांभ्याचे स्वरूप पाहू. उष्ण व अतिपर्जन्याच्या प्रदेशात मूळ खडक कुजतो, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून जांभा बनतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील या दगडास लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. कारण तेथे तो विटांप्रमाणे कापून वापरीत असत. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या खाली बहुधा मऊ चिकणमातीचा थर असतो. पावसाचे पाणी दगडातून खाली उतरते, या थरावर अडते आणि हळूहळू उताराकडे सरकून पायथ्याशी झरा, वहाळ व विहीर यांच्या रूपाने प्रकट होते. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. उरलेले ८ महिने गावाने तहान भागवावयाची आणि वायंगण पिकवावयाचे, ते या मुरलेल्या पाण्यावरच.

आता चिरेखाणीचा परिणाम सहज उमगेल. चिरे काढल्याने पाणी मुरविणारा थरच कमी होतो. खाण चिकणमातीपर्यंत पोहोचली, तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. पण ते भूगर्भात न जाता उन्हाने आटते. खड्ड्याच्या तळाशी गाळ बसला, म्हणजे उरलीसुरली छिद्रेही बुजतात. एका लहान खाणीने फारसे बिघडत नसेल. परंतु एकाच सड्यावर अनेक खाणी झाल्या, तर पायथ्याचा झरा लवकर आटण्याचा संभव असतो.

लोहखनिजाच्या उघड्या खाणी याहून खोल जातात. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी, दोडामार्ग तालुक्यातील कळणे आणि शेजारच्या गोव्यातील डिचोली व सांगे हे भाग अशा खाणींकरिता परिचित आहेत. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी सतत उपसावे लागते. याची कल्पना मुलांना देण्यास नदीकाठच्या ओल्या वाळूत जवळजवळ दोन खळगे करावेत. एकातील पाणी वाटीने उपसत राहिले, तर दुसऱ्यातील पाणीही उतरते. मोठ्या खाणीच्या आसपासच्या विहिरींची गत अशीच होते.

दुसरा प्रश्न गाळाचा. खनिजासाठी काढलेली निरुपयोगी माती ढिगांनी रचली जाते आणि पावसात ती वहाळावाटे भातशेतीत उतरते. कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीतील साचलेल्या पाण्याचा बांध फुटून चिखलमिश्रित पाणी वस्तीत व शेतीबागायतीत शिरले होते. कोळशाच्या खाणींत गंधकयुक्त खनिज असल्यास पाणी आम्लधर्मी होते. आपल्याकडील लोहखनिज मुख्यत्वे प्राणवायूशी संयोग पावलेले असल्याने तो धोका कमी, गाळाचा मात्र अधिक.

खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करणे आवश्यक असते. परंतु खड्डा भरला म्हणजे पाण्याचा साठा परत आला, असे समजू नये. चिकणमाती, मुरूम व दगड एकत्र लोटून भराव केला, तर तो घट्ट बसतो. वरून हिरवळ दिसली तरी पाणी आत शिरत नाही. म्हणून आरंभीच सुपीक माती वेगळी काढून ठेवावी, खाली भरड दगड, त्यावर मुरूम व सर्वांत वर ती माती अंथरावी, उतारास टप्पे करावेत, वाहते पाणी आधी गाळ बसण्याच्या टाक्यांत वळवावे आणि स्थानिक झाडे लावावीत. सुपीक माती राखून ठेवून पुन्हा वापरण्याचा दंडक प्रमुख खनिजांसाठीच्या खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ यांतही घातलेला आहे. इतके करूनही मूळ सच्छिद्र दगड पुन्हा घडविता येत नाही. यास्तव झऱ्यांच्या माथ्यावरील सडा मुळातच न खणणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

या कामी शाळेस एक उपयुक्त कार्य करता येईल. गावातील ३ किंवा ४ विहिरी निवडाव्यात. त्यांपैकी एक तरी खाणीपासून दूर असावी. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दोरीस गाठी मारून पाण्याची खोली मोजावी, बाटलीत पाणी घेऊन गढूळपणा पाहावा, व जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद शेजारी लिहावी. मोजमाप शिक्षकांनी स्वतः करावे, नोंद मुलांनी ठेवावी. पाणी उतरले की लगेच खाणीस दोष देऊ नये. पाऊस कमी झाला होता काय, उपसा वाढला काय, हे आधी तपासावे. दूरच्या विहिरीशी तुलना याच कारणासाठी सांगितली आहे. साचलेल्या खाणींच्या कडा उभ्या व पाणी खोल असते. तेथे मुलांना सहलीसाठी कदापि नेऊ नये.

ग्रामसभेपुढे खाणीचा वा भरावाचा प्रश्न येतो, तेव्हा बहुधा दोन्ही पक्षांकडे केवळ तर्क असतात. रोजगार आणि पाणी या दोहोंची चिंता गावास असते व ती रास्तही आहे. अशा वेळी शाळेची ५ वर्षांची नोंदवही पुढे ठेवता आली, तर निर्णय ऐकीव गोष्टींवर न होता मोजलेल्या पाण्यावर होईल. नोंदीस आरंभ येत्या ऑक्टोबरपासून, विहिरी भरलेल्या असताना करावा.