तिसऱ्या पायरीचा दाखला

परळच्या ज्या चाळींतून मी गेले दोन पावसाळे जुनी छायाचित्रे गोळा करीत हिंडलो, तेथे पाणी किती चढले हे सांगण्याची एकच परिभाषा रूढ आहे, आणि ती पायऱ्यांची. "त्या वर्षी तिसऱ्या पायरीला लागलं होतं," असे कोणी म्हणाले की शेजारच्या ऐकणाऱ्याला सगळे उमजते. कुणाच्या घरात पाणी शिरले असेल, कुणाची पेटी खाटेवर चढली असेल, आणि तळमजल्यावरची मुले त्या रात्री कुणाकडे झोपली असतील, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु हीच जबानी कागदावर उतरवून तिच्यातून पाण्याची खोली, वेळ आणि दिशा काढावयाची झाली, म्हणजे एक साधा प्रश्न वाट अडवतो: तिसरी पायरी म्हणजे नेमकी कोणती?

हिंदमाता, परळ आणि लालबाग हा टापू बशीसारखा खोलगट आहे. बेटाबेटांमधली खलाटी भरून जी मुंबई तयार झाली, तिच्या भरावाखालचा जुना उतार पाणी अजून विसरलेले नाही. हिंदमात्याचे पाणी भूमिगत नाल्यांतून पूर्वेकडे, रे रोडच्या बाजूला ब्रिटानिया पातमुखाशी समुद्राला मिळते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र साडेचार मीटरांच्या वर चढला आणि त्याच घटकेला वरून पावसाची झड लागली, म्हणजे नाल्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाव राहत नाही आणि ते आल्या वाटेने रस्त्यावर येते. यावर उपाय म्हणून महापालिकेने पातमुखांवर पंपगृहे उभारली, आणि अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली व परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठवण्याच्या प्रचंड टाक्या बांधल्या. पाऊस किती पडला ते वॉर्ड-कचेऱ्यांच्या आणि अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवरील यंत्रे नोंदवतात. समुद्र किती चढला याची नोंद अपोलो बंदराच्या भरतीमापकावर १८७८ पासून होत आली आहे. मात्र या दोहोंच्या मधले जे पाणी, म्हणजे कोणत्या गल्लीत, कोणत्या दारापाशी, किती वाजता किती उभे होते ते पाणी, त्याची सलग नोंद मला कोणत्याही दफ्तरात आढळली नाही. ती लोकांच्या अल्बमांत, लग्नाच्या चित्रफितींत आणि खिशातल्या मोबाइलमध्ये, भलत्याच कारणासाठी टिपलेल्या चित्रांच्या कोपऱ्यांत पडून आहे. तेथून ती उचलून, पारखून, पुन्हा हवी तेव्हा सापडेल अशी लावून ठेवणे, हे आमचे काम.

'आमचे' म्हणजे तिघांचे. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता स्थापत्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आणि मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले माझे एक स्नेही, ज्यांच्याजवळ उंचीची पातळी मोजण्याची त्यांची जुनी डंपी लेव्हल अद्याप उत्तम स्थितीत आहे.

पहिली रुजवात तारखेची. मोबाइलमधल्या मूळ छायाचित्राच्या पोटात घटका-पळांपर्यंत वेळ नोंदलेली असते, आणि पुष्कळदा स्थळही; पण तेच चित्र व्हॉट्सॲपवरून एका हातातून दुसऱ्या हातात गेले की ही नोंद गळून पडते आणि उरते ते निनावी पाणी. म्हणून चित्र ज्याच्याकडून मिळाले त्याच्यापाशी न थांबता, ज्याने ते काढले त्याच्यापर्यंत मागे मागे जावे लागते. जुन्या व्हिडिओ-कॅसेटींच्या कोपऱ्यात तारीख उमटलेली दिसते खरी, पण कॅमेऱ्याचे घड्याळ कधी लावलेलेच नसल्यामुळे एका घरातील बारसे, मुंज आणि गौरी-गणपती हे सर्व सोहळे १ जानेवारीलाच पार पडल्याचे आम्हांला आढळले. अशा वेळी चित्राच्या आतच साक्षीदार शोधावे लागतात: भिंतीवरचे सिनेमाचे भित्तिपत्र, दुकानाची जुनी पाटी, बसचा रंग, छत्र्यांच्या सावलीचा कल.

लालबागचे एक चित्र आमच्याकडे तीन निरनिराळ्या घरांतून आले, आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या खाली '२६ जुलै २००५' असेच लिहिलेले होते. गुडघ्याच्या वर पाणी, त्यातून सायकल डोक्यावर घेऊन चाललेला एक तरुण, आणि उजव्या कडेला एक करडा, सरळ, रुंद खांब. दोन दिवस आम्ही पाणी मोजत बसलो. खांबाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. तिसऱ्या दिवशी माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा तर उड्डाणपुलाचा खांब." लालबागचा उड्डाणपूल जून २०११ मध्ये वाहतुकीला खुला झाला, त्यामुळे त्या चित्रातील पाणी २००५ चे असणे शक्यच नव्हते. २००५ च्या त्या २६ जुलैचा पाऊसही आठवून पाहण्यासारखा आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटरांच्या आसपास. एकाच शहराच्या दोन टोकांना त्या दिवशी दोन वेगळी आकाशे होती. पण त्या तारखेने शहराच्या मनावर असा खोल घाव घातला की त्यानंतरचे आणि त्याआधीचेही प्रत्येक पाणी लोक तिच्याच खात्यावर मांडतात. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. दुःखाच्या स्मृतीला एखादी खुंटी लागते. परंतु ज्याला पाण्याची फेरिस्त करावयाची आहे त्याने खुंटीवरचे प्रत्येक वस्त्र उतरवून तपासले पाहिजे.

याच्या उलट ५ ऑगस्ट २०२० चे गिरगाव. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ३३१.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे गेला, आणि एरवी हिंदमात्याच्या पाण्याविषयी केवळ वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या गिरगावकरांनी आपल्या दारात पाणी पाहिले. तो टाळेबंदीचा काळ. माणसे घरांत होती. म्हणून त्या दिवसाची चित्रे विपुल, तारीखवार आणि निर्विवाद. पण बहुतेक सर्व वरून, सज्जांतून आणि खिडक्यांतून घेतलेली. वरून पाहिलेल्या पाण्याला विस्तार असतो, खोली नसते. शेकडा चित्रांतून आम्हांला उपयोगी पडले ते एकच, तळमजल्याच्या दारातून घेतलेले, ज्यात समोरचा लाकडी खांब आणि त्याचे पाण्यातील प्रतिबिंब दोन्ही होती. खांब जेथे आपल्या प्रतिबिंबाला भेटतो ती रेषा म्हणजे खरी जलरेषा. भिंतीवरच्या ओलीवर विसंबू नये: एखादी मोटार वेगाने गेली की तिची लाट भिंतीवर वीतभर उंच ओल सोडून जाते, आणि पाणी ओसरल्यावर काढलेल्या चित्रात तीच ओल पुराची उंची म्हणून मिरवते.

खोली काढण्यासाठी पट्टी लागते, आणि पट्टी चित्रातच शोधावी लागते. बसच्या चाकाची उंची साधारण एक मीटर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे चाक दोन फुटांच्या आसपास. गिलावा उडालेल्या भिंतीतील विटांचे थर तर आपणहून मोजून घ्या म्हणतात. अट एवढीच की पट्टी आणि जलरेषा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असावीत. जवळच्या चाकाने दूरच्या दुकानाची पायरी मोजू गेलो तर गणित बरोबर आणि उत्तर चूक, असा प्रकार होतो. आमच्या पहिल्या महिन्यातील अर्धी मोजमापे याच कारणाने रद्द करावी लागली.

चित्रफितीत आणखी एक गोष्ट मिळते, जी स्थिर चित्रात नाही: पाण्याची गती आणि त्याचा आवाज. हिंदमात्याजवळच्या एका दुकानदाराने काढलेल्या दोन-तीन मिनिटांच्या फितीत एक निळी चप्पल तरंगत जाते. पहिल्या वेळी मी तिच्याकडे करुणेने पाहिले. दहाव्या वेळी लक्षात आले की ती नाल्याच्या झाकणाकडे जात नाही, झाकणापासून दूर सरकते आहे. आवाज वाढवून ऐकला तेव्हा झाकणाखालचा खळखळाट ऐकू आला, आणि पावसाचा आवाज मात्र जवळजवळ नव्हताच. पाऊस थांबलेला, तरीही पाणी वर येत होते. फितीची वेळ भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिली, तेव्हा ती पूर्ण भरतीच्या अर्धा तास अलीकडची निघाली.

शेकडो तासांच्या फितींतून असे क्षण डोळ्यांनी हुडकणे एका आयुष्यात होणारे नव्हे, म्हणून माझ्या विद्यार्थिनीने संगणकाला पाणी आणि रस्ता यांतला भेद शिकवला आहे. विसर्जन-मिरवणुकीची सात तासांची फीत तिने एका संध्याकाळी यंत्राच्या स्वाधीन केली, आणि सकाळी त्यातील पाणी दिसणारी सतरा स्थळे मिनिट-सेकंदांसह हजर होती. त्यांपैकी पाच ठिकाणी पाणी नव्हतेच. दिव्यांच्या उजेडात चकाकणारा ओला डांबरी रस्ता होता, आणि एके ठिकाणी मंडपाची निळी ताडपत्री. तरी मी या यंत्राचा ऋणी आहे, कारण त्याच्याविना उरलेली बारा स्थळे कोणालाच कधी सापडली नसती. सापडलेल्या प्रत्येक स्थळाची आम्ही एक नोंद करतो: जागा, तारीख, वेळ, कशाने मोजले, किती भरले, आणि शेवटी भरवशाची प्रत, म्हणजे पक्की, साधार किंवा संशयित. जे चित्र 'संशयित' ठरते तेही आम्ही टाकीत नाही.

ते न टाकण्याचे कारण मला कुलाब्याच्या वेधशाळेने शिकवले. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या त्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेणाऱ्या माणसांनी सप्टेंबर १८५९ मधल्या एका प्रचंड सौर वादळाच्या वेळी आपल्या शिरस्त्याप्रमाणे आकडे लिहून ठेवले. त्या वादळाचा जोर किती होता हे ठरवण्यासाठी २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते आकडे काढले, आणि सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण त्यांत सापडली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची विचलित होणार, म्हणून १९०४ मध्ये हे वेध अलिबागला हलवण्यात आले. आपल्या आकड्यांना दीडशे वर्षांनी कोणता प्रश्न विचारला जाणार आहे हे लिहिणाऱ्याच्या हाती कुठे होते?

आता पायरीकडे वळतो. परळच्या एका चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी मला आपल्या लग्नाचे छायाचित्र दाखवले. सत्तरच्या दशकातले, कृष्णधवल. ओट्यावर वधू-वर, आणि ओट्याला रस्त्यापासून पाच पायऱ्या. मी चित्र हातात धरून बाहेर आलो आणि पायऱ्या मोजल्या: साडेतीन भरल्या. दीड पायरी रस्त्याने गिळली होती. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर, त्यावर खडी, त्यावर पेव्हर ब्लॉक, असा रस्ता चढत गेला आणि चाळ जागच्या जागी खाली राहिली. म्हणजे पूर्वीची 'तिसरी पायरी' आणि आजची 'तिसरी पायरी' या एक नव्हेतच, आणि आम्ही चार महिने जमवलेल्या जबान्यांतून केलेला कोठा एका क्षणात निरुपयोगी ठरला. माझा चेहरा उतरलेला पाहून आजी म्हणाल्या, "मास्तर, खालून कशाला मोजता? वरून मोजा की. उंबरठा कुठं हललाय?"

आम्ही वरून मोजू लागलो. माझ्या स्नेह्यांनी डंपी लेव्हल लावली, आणि टाउन हॉलच्या ज्या खुणेवरून मुंबईच्या रस्त्यांची आणि गटारांची उंची महापालिका पिढ्यान्‌पिढ्या मोजत आली, त्या मापाशी जोडलेल्या जवळच्या खुणेपासून पातळी आणीत आणीत आजींच्या उंबरठ्यापर्यंत ते पोहोचले. उंबरठ्याचा आकडा एकदा मिळाला की त्या दारातले प्रत्येक छायाचित्र, मग ते कोणत्याही वर्षाचे असो, बोलू लागते. प्रत्येक पायरी सात इंचांची, वरून दुसरी, वरून चौथी. गेल्या उन्हाळ्यापर्यंत असे एकेचाळीस उंबरठे झाले. घाई आहे, कारण गिरगावात आणि परळ-लालबागेत चाळींमागून चाळी पुनर्विकासाला जात आहेत. नव्या इमारतीत माणसांना पक्के घर मिळेल, आणि ते त्यांना मिळालेच पाहिजे, त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु ओटा पडला की त्यावर मोजलेल्या पन्नास वर्षांच्या पाण्याची पट्टी त्याबरोबर मातीत जाते. म्हणून पाडकामाआधी तो उंबरठा मोजून ठेवायला हवा.

आजींची चाळही रिकामी होते आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी खाटेखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढायला सांगितली. अल्बम मला दाखवायचे राहिले होते. ट्रंकेत अल्बम उभे रचलेले होते, आणि एक एक काढून पाहताना दिसले की प्रत्येकाच्या खालच्या कडेला तपकिरी डाग आहे, पानापानांतून गेलेला, अगदी आडवा, जणू कोणी पट्टी धरून ओढलेला. "एकदा रात्री पाणी आत आलं तेव्हाचा तो," आजी म्हणाल्या. "ट्रंक उचलायला हात कमी पडले." साल त्यांना सांगता येईना. माझी विद्यार्थिनी गुडघ्यांवर बसून ट्रंकेच्या तळाचा, त्याच डागात भिजून कडक झालेला वर्तमानपत्राचा कागद हलकेच सोडवू लागली. त्याच्या वरच्या कोपऱ्यात तारखेची ओळ होती. त्या तारखेच्या आधीचे ते पाणी नव्हते, एवढे तरी नक्की झाले. मी ट्रंक पुन्हा तिच्या जागी, उघड्या फरशीवर ठेवली, आणि स्नेह्यांनी फरशीपासून डागापर्यंत टेप धरली.