विशेषणाचे विशेषण

क्रियाविशेषणाची व्याख्या आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली आहे. क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगतो तो शब्द क्रियाविशेषण. उदाहरणही ठरलेले : ‘कासव हळू चालते.’ इंग्रजीच्या तासाला ‘ॲडव्हर्ब’ येतो तेव्हा कासव तेच असते, फक्त ते ‘स्लोली’ चालते. या व्याख्येत खोटे काही नाही. पण ‘फार उंच डोंगर’ एवढेच म्हटले की ती अपुरी पडते. येथे क्रियापदच नाही. ‘फार’ हा शब्द ‘उंच’ या विशेषणाला धरून बसला आहे, आणि तरी व्याकरणात त्याची गणना क्रियाविशेषणांतच होते. इंग्रजीची गतही निराळी नाही. ‘व्हेरी हाय’ मधला ‘व्हेरी’ हा ॲडव्हर्ब. नावात व्हर्ब आणि काम विशेषणापाशी. दोन्ही भाषांत नावाने फसवले आहे. त्यामुळे होते असे, की वाक्यातले क्रियाविशेषण ओळखा म्हटले की आपण क्रियापदाच्या आसपास शोधतो आणि विशेषणाच्या पुढ्यात बसलेला शब्द सुटून जातो.

मराठीला व्याकरणाची उणीव नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. परंतु विशेषणाला जोर देणारे शब्द आपण तिथून शिकत नाही, ते घरात शिकतो. ‘हिरवागार’ हा शब्द कोणी समजावून सांगितल्याचे कोणाला आठवते का? रान हिरवेगार, पण धोतर पांढरेशुभ्र. भीतीने चेहरा मात्र पांढराफटक. तो पांढराशुभ्र झाला असे म्हटले तर आमच्या वाडीतले पोरही हसेल. साडी लालभडक, रागाने डोळे लालबुंद, पोपटाची चोच लालचुटूक. रंग एकच, पण जोर देणारे शेपूट प्रत्येक वेळी निराळे. चहा गोडमिट्ट, पाणी थंडगार, कपडे ओलेचिंब, भांडे नवेकोरे. अशा शब्दांत एक गमतीची गोष्ट दिसते. लिंग-वचनाप्रमाणे पुढचा भाग बदलतो : हिरवा, हिरवी, हिरवे. पण ‘गार’ हलत नाही. एकाच शब्दाच्या पोटात विशेषण बदलते आणि त्याला जोर देणारा तुकडा अव्ययासारखा स्थिर राहतो.

हे सर्व इंग्रजीत नेताना आपण एकच शब्द वापरतो, तो म्हणजे ‘व्हेरी’. व्हेरी ग्रीन, व्हेरी व्हाइट, व्हेरी स्वीट, व्हेरी कोल्ड. आपल्या वह्या चाळल्या तर अर्ध्या निबंधात तोच आढळेल. ‘व्हेरी’ वाईट शब्द आहे असे मला म्हणायचे नाही. तो मुळात जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे आपल्या ‘खरोखर’चा लांबचा नातेवाईकच. पण तो फक्त मात्रा वाढवतो. थोडे, जास्त, पुष्कळ अशी चढण जिथे असेल तिथे तो चालतो. जिथे चढणच नसते, असते किंवा नसते एवढाच प्रश्न असतो, तिथे तो अर्थ कमी करतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते मला वर्गात नव्हे, एका पत्रामुळे कळले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून वाडीतले कागद माझ्याकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीसाठी मुंबईच्या एका संस्थेला इंग्रजीत पत्र पाठवायचे होते. (तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत; तानसा तर १८९२ पासून. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. असो.) काकांनी मला मराठीत मजकूर सांगितला : ‘विहीर कोरडीठाक पडली आहे.’ याचे इंग्रजी काय करावे? ‘व्हेरी ड्राय’ म्हटले तर वाचणाऱ्याला वाटेल की पाणी फार कमी आहे, तळाशी थोडे असेल. ‘ठाक’ म्हणजे थोडे नव्हे. ठाक म्हणजे थेंब नाही. येथे ‘कम्प्लीटली ड्राय’ हवे, कारण कम्प्लीटली मात्रा सांगत नाही, शेवट सांगतो. मी तेच लिहिले. काकांना इंग्रजी येत नाही, मी अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “हां, आता बरोबर.”

म्हणजे विशेषणाआधी शब्द ठेवताना पहिला प्रश्न हा की, हे विशेषण चढणीचे आहे की टोकाचे? उंच, गरम, जुना ही चढणीची. त्यांना व्हेरी, फेअरली, रादर, एक्स्ट्रीमली चालतात. रिकामा, मेलेला, अशक्य ही टोकाची. त्यांना कम्प्लीटली, ॲब्सोल्यूटली, ऑलमोस्ट शोभतात. मराठीतही ‘फार मेलेला’ कोणी म्हणत नाही, ‘जवळजवळ मेलेला’ म्हणतात. ‘क्वाइट’ हा एकच शब्द दोन्हीकडे जातो आणि घोटाळा करतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगले, पण ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे सर्वस्वी अशक्य. तेव्हा कोणी आपल्या निबंधावर ‘क्वाइट गुड’ असा शेरा दिला तर पेढे वाटण्याची घाई करू नये.

‘टू’चे प्रकरण आणखी निराळे. आपल्याकडे कौतुकाने ‘टू गुड’ म्हणतात आणि बोलण्यात ते खपते. पण लिखित इंग्रजीत ‘टू’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त, आणि त्यात बहुधा तक्रार असते. ‘टी इज टू हॉट’ म्हणजे चहा पिववत नाही इतका गरम. मराठीत या कामाला वेगळा शब्द नाही असे नाही, ‘जास्तच गरम’ आहेच. पण आपण भाषांतर करताना ‘फार’ला व्हेरी आणि टू दोन्ही समजतो. तसेच ‘फार बरे’चे ‘व्हेरी बेटर’ होत नाही. तुलनेच्या विशेषणाआधी इंग्रजीला ‘मच’ किंवा ‘फार’ लागतो, ‘मच बेटर’, ‘फार बेटर’. होय, इंग्रजीतही एक ‘फार’ आहे. नात्याचे नव्हे, पण ध्यानात ठेवायला सोयीचा!

इंग्रजी भाषा कोरडी आहे, तिच्यात आपल्यासारखी शेपटे नाहीत, असा समज मात्र बरोबर नाही. ‘कोरडीठाक’ला तिच्याजवळ ‘बोन ड्राय’ आहे, हाडासारखे कोरडे. मिट्ट काळोखाला ‘पिच डार्क’, आणि पिच म्हणजे डांबर. नव्याकोऱ्याला ‘ब्रँड न्यू’. शिवाय ‘प्रिटी’ हा शब्द पाहा. एरवी त्याचा अर्थ सुंदर, पण ‘प्रिटी अग्ली’ म्हणजे चांगलेच कुरूप. आपणही ‘चांगलाच आजारी होता’ असे म्हणतोच. आजारपणात चांगले काय असते?

एक गोष्ट मात्र इंग्रजीला जमत नाही. तिचे क्रियाविशेषण नामाकडे बघतसुद्धा नाही. मराठीत ‘एवढा मोठा डोंगर, एवढी मोठी नदी, एवढे मोठे धरण’. ‘बराच जुना वाडा’, पण ‘बरीच जुनी विहीर’. ‘मोठी’ बदलले ते नदीमुळे हे समजते. पण ‘एवढी’ तर ‘मोठी’ची सेविका, तीही नदीचे लिंग घेते. फार, खूप, अगदी, अतिशय हे न बदलणारे, आणि एवढा, इतका, बराच, चांगला हे बदलणारे, अशी दोन घराणी एकाच कामाला लागली आहेत. असे बदलणारे शब्द अव्यय कसे म्हणावेत, हे मी मराठीच्या सरांना विचारले आहे.

बोलीचे राहिले. आमच्या आसनगाव-शहापूर भागात ‘जाम’ चालतो : जाम गरम, जाम भारी. घाटावरचे मित्र ‘लय’ म्हणतात, आणि २०१४ साली तर ‘लय भारी’ या नावाचा चित्रपटच निघाला. पेपरात मात्र दोघांनाही प्रवेश नाही, तेथे ‘अतिशय’. इंग्रजीतला ‘सो’ही असाच. मोबाइलवर ‘सो गुड’ सहज लिहितात, पण शिस्तीच्या लेखनात ‘सो’ आला की वाचक पुढे ‘दॅट’ची वाट पाहतो, जसे मराठीत ‘पाऊस इतका जोराचा होता’ म्हटले की ऐकणारा थांबतो आणि विचारतो, “इतका की काय झाले?”