घराला जोडून दोन खोल्या: बांधाव्यात की नाही?

सासू-सासरे गाव सोडून कायमचे राहायला यायचे ठरलं, मुलाच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली, किंवा संसाराला चार पैसे भाड्याचे मिळावेत असं वाटू लागलं, की घरात एक विषय हमखास निघतो. मागच्या अंगणात नाहीतर गच्चीवर दोन खोल्या काढायच्या का? गवंडी काय, लगेच "वहिनी, दोन महिन्यांत उभ्या करतो" म्हणतो! पण विटा येऊन पडायच्या आधी थोडा विचार करायला हवा.

पहिला प्रश्न: खोल्या कोणासाठी? वडीलधाऱ्यांसाठी असतील तर गच्चीचा विचारच नको. गुडघे दुखू लागले की जिना म्हणजे कैदच. तळमजल्यावर, न्हाणीघर-संडास लागून, दार तीन फूट रुंद, फरशी न घसरणारी आणि भिंतीला धरायला दांडी, एवढं हवंच. मुला-सुनेसाठी असतील तर ओटा वेगळा की एकच, हे आधी मोकळेपणाने बोला. वेगळी चूल म्हणजे घर फुटलं असं मुळीच नाही.

दुसरा प्रश्न: घराला ते पेलेल का? एका मजल्यापुरता घातलेला पाया दुसरा मजला सोसेलच असं नाही. गवंड्याच्या शब्दावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक वाढत्या माणसांना पुरेल का, तेही पाहा.

तिसरा प्रश्न परवानगीचा. चटईक्षेत्र किती शिल्लक आहे, कुंपणापासून किती जागा सोडायची, हे नगरपालिकेत विचारून नकाशा मंजूर करून घ्या. "सगळेच बांधतात" हे उत्तर नोटीस आल्यावर कामाला येत नाही.

आता भाड्याचा हिशेब. समजा खर्च ८ लाख आला आणि भाडं महिना ६ हजार मिळालं, तर वर्षाचे ७२ हजार. नुसती मुद्दल फिटायलाच ११ वर्षं! त्यात वाढलेली घरपट्टी, रंगरंगोटी आणि रिकामे महिने धरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ओळखीचा भाडेकरू म्हणून तोंडी व्यवहार करू नका. वीजमीटर आणि येण्याजाण्याचं दारही स्वतंत्रच ठेवा.

शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, तो आपणच विचारायचा: वाढलेलं काम कोणाच्या अंगावर पडणार? दोन घरांचा केर, दोनदा चहा, औषधांच्या वेळा, भाडेकरूच्या तक्रारी! खोल्यांचा नकाशा काढताना कामाची वाटणीही त्याच कागदावर लिहा. आणि घाई नसेल तर आहे त्याच घरातली एक खोली दोन महिने वेगळी करून राहून बघा. तेवढ्यात पुष्कळ उत्तरं मिळतात, आणि त्याला सिमेंटही लागत नाही!