उसात बीटी आले तर एकरी टनेज वाढेल का?



कल्याणजवळ विठ्ठलवाडी, डोंबिवलीकडे नोकरीधंद्याला गेलेली आपली पोरं सणाला गावी आली, की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. "कापसात बीटी आलं, मग उसात का नाही?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात आम्ही त्याची थोडी फोड करतो.

बीटी म्हणजे काय? जमिनीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. त्याच्या अंगी अळीला मारणारे प्रथिन तयार करण्याचा गुण असतो. शास्त्रज्ञांनी तो गुण देणारे जनुक काढून कापसाच्या झाडात बसवले. अळीने बोंड कुरतडले की ती मरते. आपल्या देशात अशा कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले.

उत्पादनाचे काय झाले? २००१-०२ साली देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघे. २००७-०८ पर्यंत ती ५५० किलोच्या घरात गेली. पण हे सगळे श्रेय एकट्या बीटीचे नव्हे, बरं का. त्याच काळात संकरित वाण पसरले, गुजरातेत पाण्याची सोय वाढली, खते वाढली, नवी औषधे आली. पुढे मात्र रुईचा उतारा ४५० किलोच्या आसपास उतरला.

याचे कारण समजून घ्यावे. बीटी हा शेतातला राखणदार आहे. राखणदार चोरी थांबवतो, कणसात दाणे भरत नाही. झाडाची मूळ ताकद वाण, पाणी, जमीन आणि खत यांवरच ठरते. आणि चोराला राखणदाराची सवय झाली, की राखणही संपते. गुलाबी बोंडअळीचे तसेच झाले. बीटीच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावायच्या होत्या. त्यासाठी पिशवीबरोबर वेगळे बी मिळायचे, पण बहुतेकांनी ते पेरलेच नाही. त्यात फरदड ठेवल्याने अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळाले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात या अळीने उभा कापूस पोखरला. बियाण्याला जादा पैसे मोजले, वर फवारणीचाही खर्च पडला, असा दुहेरी फटका शेतकऱ्याला बसला.

आता उसाकडे वळू. इंडोनेशियात २०१३ च्या सुमारास पाण्याचा ताण सोसणारा जनुकबदल ऊस पुढे आला. ब्राझीलने २०१७ मध्ये खोड पोखरणाऱ्या अळीविरुद्धच्या बीटी उसाला परवानगी दिली. आपल्याकडे अशा कोणत्याही उसाला लागवडीची परवानगी नाही. आपला को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या साध्या संकरातून निघालेला आहे. पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५ हाही जनुकबदल वाण नव्हे. तेव्हा उद्या कोणी "बीटी उसाची रोपे" म्हणून दारात आला, तर त्याला पैसे देऊ नयेत. आधी कारखान्याच्या शेतकी खात्याला विचारावे.

दुसरी गोष्ट, ऊस कांडीपासून लावला जातो. एकदा शिरलेला गुण किंवा दोष बेण्याबरोबर गावभर फिरतो. शिवाय बोंडअळीवरच्या जनुकाने हुमणी मरत नाही. ज्याच्या फडात हुमणी आहे, त्याला तसल्या बीटीचा काडीचाही उपयोग नाही.

आमचा या शास्त्राला विरोध नाही. पाण्याचा ताण सोसणारा ऊस उद्या परवानगीने आला आणि आपल्या रानात तपासून खरा ठरला, तर आम्हीच पहिल्याने त्याचे स्वागत करू. पण तोपर्यंत हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. घरचेच खोडव्याचे बेणे वर्षानुवर्षे लावून गवताळ वाढ ओढवून घ्यायची आणि टनेज घटले म्हणून वाणाला बोल लावायचा, हे बरे नव्हे. बेणे तीन-चार वर्षांनी बदलावे, ते बेणेमळ्यातले आणि उष्ण हवेची प्रक्रिया केलेले घ्यावे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावावीत. माती तपासूनच खत द्यावे.

राखणदार उद्या येईल तेव्हा येईल. तोवर फडाची राखण आपण स्वतःच करावी, हे बरे.