‘असंतोषाचे जनक’: एका इंग्रजी बिरुदाची कथा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कुर्डुवाडीच्या अलीकडे, केम नांवाचें स्टेशन लागतें. करमाळा तालुक्यांतील हें गांव कुंकवासाठीं प्रसिद्ध आहे. हळद मूळची पिवळी. पण चुन्यासारख्या क्षाराशीं संयोग झाला कीं तीच लाल होते. शब्दांचेंहि पुष्कळदां असेंच होतें. अशा रंग पालटलेल्या एका बिरुदाचा आज विचार करूं.

लोकमान्य टिळकांस ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे. शाळेंतील मुलेंहि निबंधांत हे शब्द अभिमानानें लिहितात. परंतु हें बिरुद मूळचें मराठी नव्हे, आणि गौरवाचेंहि नव्हे. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे लेखक व्हॅलेंटाइन चिरोल यांचा ‘इंडियन अन्‌रेस्ट’ हा ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं ‘फादर ऑफ इंडियन अन्‌रेस्ट’ हें पद टिळकांस लावलें. टिळक त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत होते. सुटकेनंतर ग्रंथांतील बदनामीकारक आरोपांबद्दल त्यांनीं लंडनमध्यें दावा लावला. १९१९ सालीं त्याचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला.

आतां शब्द पाहूं. इंग्रजींत ‘फादर ऑफ’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा आद्य प्रवर्तक. हिरोडोटसास इतिहासाचा जनक म्हणतात, तो गौरवच होय. तेव्हां डंख आहे तो ‘अन्‌रेस्ट’ या शब्दांत. त्याचा सरळ अर्थ अस्वस्थता, अशांतता. हा राज्यकर्त्याच्या खुर्चींतून दिसणारा अर्थ आहे: सर्व सुरळीत चाललें होतें, कोणीं तरी गडबड उठविली! मराठींत मात्र ‘असंतोष’ हा शब्द रूढ झाला. अशांतता म्हटली कीं बंदोबस्त सुचतो. असंतोष म्हटला कीं ‘कां?’ हा प्रश्न उभा राहतो. एका शब्दानें दृष्टि राजाकडून रयतेकडे वळली, आणि आरोपाचें भूषण झालें.

तरीहि एक उणीव राहतेच. असंतोष टिळकांनीं जन्मास घातला काय? १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ सोलापूरसारख्या जिल्ह्यांस दारुण लागली. शेतकऱ्याच्या घरांतील रित्या कणगीस कोणा वृत्तपत्राच्या चिथावणीची गरज नव्हती. टिळकांनीं ‘केसरी’तून दुष्काळासंबंधींच्या सरकारी नियमांची माहिती दिली, सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनीं ती खेड्यापाड्यांत पोंचविली. सारासूट मागणें ही भीक नसून नियमानें मिळालेला हक्क आहे, हें रयतेस कळलें. दुःख पूर्वीचेंच होतें. त्यास वाणी मिळाली.

म्हणून हें बिरुद टाकावें असें मी म्हणत नाहीं. तें आतां आपलें झालें आहे. मात्र परभाषेंतून आलेलें पद थोरांस लावतांना तें प्रथम कोणीं उच्चारलें आणि कोठें बसून उच्चारलें, एवढें विचारून घ्यावें. ‘लोकमान्य’ या पदास ती विचारपूस लागत नाहीं. देणारा कोण, हें त्या शब्दांतच सांगितलेलें आहे.