‘हंच’ : मनाला आंतून बसणारा धक्का

इंग्रजी रहस्यकथेंतला गुप्तहेर चालतां चालतां मधेंच थबकतो आणि म्हणतो, “माझा असा हंच आहे कीं, खुनी अजून याच घरांत आहे.” पुरावा त्याच्या हातीं नसतो, साक्षीदार पुढें आलेला नसतो, तरी त्याच्या बोलण्यांत डळमळ नसते. हा ‘हंच’ म्हणजे काय, असें पाहण्यासाठीं जिज्ञासु वाचक कोश उघडतो, तों तेथें त्याला ‘कुबड’ असा अर्थ आढळतो, ‘धक्का’ असाही आढळतो आणि ‘पावाचा जाड तुकडा’ असाही आढळतो. कुबडाचा आणि मनाच्या ग्वाहीचा संबंध काय, असा प्रश्न त्याला पडल्यावांचून राहत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शब्दाच्या चरित्रांत आहे. ‘हंच’ हा शब्द इंग्रजींत प्रथम क्रियापद म्हणून वावरूं लागला. ढकलणें, कोपरानें ढोसणें, हा त्याचा जुना अर्थ. सतराव्या शतकांत ‘धक्का’ या अर्थाचें नाम म्हणून तो रूढ झाला आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धांत पाठ वांकवून पोक काढणें हा अर्थही त्याला येऊन चिकटला. कुबड या अर्थाची एक जुनी खूण त्याहूनही आधींची आहे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाच्या १५९८ च्या छापील प्रतींत त्या कुबड्या राजाला लावलेल्या विशेषणांत ‘हंच’ आहे. १६२३ च्या संग्रहांत त्याच जागीं ‘बंच’ असें छापलेलें आहे. बंच म्हणजे जुना अर्थ घेतला तर उंचवटा, फुगोटी.

पुढें हा शब्द अमेरिकेंत नव्या अर्थानें नांदूं लागला. एखाद्याला हळूच कोपरखळी मारून इशारा द्यावा, तसा ‘सूचना’ हा अर्थ त्याला १८४९ च्या सुमारास आलेला दिसतो. आणि १९०४ च्या सुमारास बाहेरून मिळणारी सूचना आंत शिरून ‘मनाला आपोआप मिळालेली पूर्वसूचना’ झाली. जुगारी लोकांत कुबडाला हात लावला कीं नशीब उघडतें, अशी एक समजूत होती व तीवरून हा अर्थ निघाला, असें पुष्कळदां सांगितलें जातें. गोष्ट गमतीची खरी. परंतु धक्का, त्यावरून इशारा आणि इशाऱ्यावरून मनाची सूचना, ही पायऱ्यांची उतरण अधिक सरळ दिसते.

व्यवहारांत या शब्दाचा उपयोग कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हंच ‘असतो’, तो हंचच्या मागोमाग ‘जातो’, आणि अमेरिकन मनुष्य तर हंच ‘खेळतो’. या शेवटच्या प्रयोगाला पत्त्यांच्या टेबलाचा वास अजून येतो. शब्द घरगुती आहे. न्यायाधीशाच्या निकालपत्रांत किंवा वैद्यकीय दाखल्यांत तो शोभणार नाहीं. त्याच्या भावंडांहून त्याचा स्वभावही निराळा आहे. ‘इंट्युइशन’ हा लॅटिनमधून आलेला भारदस्त शब्द. मूळ अर्थ ‘निरखून पाहणें’. ‘प्रिमोनिशन’ हा आगाऊ इशारा आणि तो बहुधा अशुभाचा. ‘इंकलिंग’ म्हणजे अंधुकसा सुगावा. ‘गट फीलिंग’ हा तर सरळ आंतड्यांतूनच उठतो. त्यांत शरीराचा वांटा अधिक. हंच यांच्या मधोमध उभा आहे : तो शुभाचाही असतो, अशुभाचाही; आणि तो खोटा ठरूं शकतो, ही कबुली त्याच्या पोटांतच असते.

मराठींत याला एकच शब्द लावतां येत नाहीं. ‘अंदाज’ व ‘अटकळ’ यांत कांहींतरी हिशेब असतो. ‘कुणकुण’ बाहेरून कानावर येते. मनांत शंकेची पाल चुकचुकते ती वाइटाचीच. ‘अंतर्ज्ञान’ म्हटलें कीं ऋषिमुनि डोळ्यांपुढें उभे राहतात. त्यांतल्या त्यांत ‘मन ग्वाही देतें’ हा प्रयोग सर्वांत जवळचा. शकुन आणि ही ग्वाही यांतला भेद कालिदासानें ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकांत दाखविला आहे. आश्रमांत शिरतांना दुष्यंताचा बाहु स्फुरण पावतो, तो शकुन. पुढें शकुंतलेच्या कुळाविषयीं शंका आली असतां तो स्वतःच्या मनाच्या ओढीलाच प्रमाण मानतो, तो हंच. राजाचा तर्क खरा ठरतो. पण तो शकुंतलेच्या सख्यांकडे चौकशी केल्यावांचून राहत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अशा ग्वाहीची किंमत किती, हें विज्ञानानेंही तपासून पाहिलें आहे. १९३१ सालीं प्लॅट व बेकर यांनीं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांकडून माहिती मागविली. संशोधनांत हंचची मदत वारंवार होते असें ३३ टक्क्यांनीं, कधीं कधीं होते असें ५० टक्क्यांनीं कळविलें. आपले हंच नेहमींच खरे ठरतात असें मात्र केवळ ७ टक्केच म्हणाले.

१९९७ सालीं प्रसिद्ध झालेला आयोवा विद्यापीठांतला प्रयोग आणखी बोलका आहे. त्यांत पत्त्यांच्या चार गड्ड्या होत्या. दोन गड्ड्या मोठें बक्षीस देऊन अखेर नागवणाऱ्या. दोन थोडें देणाऱ्या, पण शेवटीं लाभाच्या. सुमारें दहा पत्ते उलटल्यावर वाईट गड्डीकडे हात नेतांना निरोगी खेळाडूंच्या त्वचेवर घामाची सूक्ष्म चलबिचल यंत्राला दिसूं लागली. पन्नासाव्या पत्त्याच्या सुमारास त्यांना ‘हंच’ आला. कारण सांगतां येण्यास बहुतेकांना ऐंशीपर्यंत जावें लागलें. मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या कांहीं रोग्यांना कारण कळलें, तरीही ते वाईट गड्डीच उचलीत राहिले. २००४ सालीं माया व मॅक्लेलंड यांनीं बारकाईनें प्रश्न विचारून असें दाखविलें कीं, आधींच्या प्रयोगावरून वाटलें होतें त्याहून पुष्कळ आधीं खेळाडूंना कळलेलें असतें. म्हणजे हंच हें आकाशांतून पडलेलें ज्ञान नव्हे; तें अनुभवाचें, अजून वाचा न फुटलेलें ज्ञान आहे.

याचें महत्त्व पत्त्यांपुरतें नाहीं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागांत डॉक्टरांनीं तपासलेल्या ३,८९० मुलांचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ३,३६९ मुलांचें दुखणें तपासणीवरून साधें वाटलें होतें. पण त्यांतल्या सहांना पुढें गंभीर संसर्गामुळें रुग्णालयांत न्यावें लागलें. ‘कांहींतरी बिघडलें आहे’ या अंतःसूचनेकडे लक्ष दिलें असतें, तर सहांपैकीं दोघे वेळींच सांपडले असते. त्यासाठीं चव्वेचाळीस वेळां उगीच धांवपळ झाली असती. डॉक्टरांच्या मनांत ही शंका उठविणाऱ्या गोष्टींत मुलाची मलूलता व बिघडलेला श्वास होताच. पण ‘हें दुखणें नेहमींसारखें नाहीं’ ही आईबापांची काळजीही होती.

दोन मुलांसाठीं चव्वेचाळीस खेपा : हा सौदा महाग कीं स्वस्त, हें ज्याच्या घरीं मूल आहे त्याला सांगावें लागत नाहीं. परंतु तोच हिशेब घोड्यांच्या शर्यतीला किंवा लॉटरीच्या तिकिटाला लागू नाहीं. कानेमन व क्लाइन या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं एकत्र लिहून दाखविलें कीं, जेथें घटनांना कांहीं नियम आहे आणि जेथें माणसाला आपली चूक पुनःपुन्हा कळण्याची संधि मिळाली आहे, तेथेंच मनाची ग्वाही विश्वासास पात्र होते. तापलेल्या मुलाच्या उशाशीं अनेक रात्री काढलेल्या आईजवळ ही शिदोरी असते. तिकीट घेणाऱ्याजवळ नसते, मग त्याची खात्री कितीही पक्की असो.

‘हंच’चा पहिला अर्थ धक्का हा होता, आणि अजूनही त्याचें खरें काम तेंच आहे. धक्का माणसाला जागेवरून हलवितो. पुढें जाऊन पाहणें, विचारणें, तपासणें, हें काम पायांचें व बुद्धीचें आहे.