वैमानिकालाही झोप हवी

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाजवळ उभे राहिले, की कधीकधी आकाशात खूप उंचावरून जाणारे विमान दिसते. १६ एप्रिल २०२५ पासून तर आपल्या शेजारच्या अमरावतीहून, बेलोरा विमानतळावरून, मुंबईला विमान जाऊ लागले. विमान दिसते, पण ते चालवणारा वैमानिक दिसत नाही. त्याचा पगार मोठा, गणवेश रुबाबदार. अशा माणसाला कामगार संघटना कशाला हवी, असा प्रश्न तुम्हांला पडेल.

संघटना केवळ पगारासाठी नसते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, ती या संघटनेने लावून धरलेल्या मागणीमुळे. म्हणजे विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हे तेव्हापासून मानले जाऊ लागले. ‘हक्क’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. आपल्या सावतराम मिलमध्ये काम केलेले कोणी वडीलधारे तुमच्या मोहल्ल्यात असतील, तर रात्रपाळी म्हणजे काय ते त्यांना जरूर विचारा.

गिरणीतला कामगार पेंगला तर सूत तुटते. वैमानिक पेंगला तर काय होते? २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला उतरताना धावपट्टीच्या पुढे दरीत कोसळले. १५८ माणसे मृत्युमुखी पडली. मुख्य वैमानिक वाटेत बराच वेळ झोपलेला होता आणि त्या झोपेची गुंगी पुरती उतरली नव्हती, असे चौकशीत आढळले.

मग थकलेल्या वैमानिकाने ‘आज मी विमान नेणार नाही’ असे सांगावे, हे उत्तम. पण एकट्याने सांगणे सोपे नसते. नोकरी जाईल, ही भीती असते. २००९ साली जेट एअरवेज या मुंबईच्या कंपनीतील वैमानिकांनी संघटना स्थापन केली, तेव्हा कंपनीने दोन वैमानिकांना कामावरून काढले. सप्टेंबर महिन्यात शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पाच दिवस हजारो प्रवासी अडकून पडले. त्यांचा त्यात काय दोष होता? तो प्रश्न योग्यच आहे. शेवटी काढलेल्या वैमानिकांना कंपनीने परत घेतले.

प्रत्येक वेळी संपच करावा लागतो असे नाही. विश्रांतीच्या नियमांसाठी वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सरकारने २०२४ च्या जानेवारीत नवे नियम जाहीर केले होते. पण विमान कंपन्यांच्या आग्रहामुळे ते लांबणीवर पडले. न्यायालयात प्रकरण चालल्यानंतर ते दोन टप्प्यांत लागू झाले. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तासांची झाली. १ नोव्हेंबरपासून रात्रीचे काम आणखी कमी झाले. पूर्वी वैमानिकाला रात्रीच्या वेळी सहा वेळा विमान उतरवता येत असे. आता ही मर्यादा दोनवर आली.

नियम आला, तरी तो पाळायला माणसे लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगो कंपनीकडे नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक तयार नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले लोक विमानतळावर बसून राहिले. सरकारने या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. वैमानिक संघटनांनी त्याला हरकत घेतली. तयारीला कंपनीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती, मग तिच्या चुकीची भरपाई वैमानिकाने आपल्या झोपेतून का करावी, असा त्यांचा सवाल होता.